प्रस्थान

पूर्वी लांबच्या प्रवासास निघण्याआधी पंचांग पाहून प्रस्थान ठेवीत. मुहूर्तावर घर सोडणे शक्य नसले, तर वस्त्रांचे गाठोडे तेवढे मुहूर्त साधून शेजारच्या घरी नेऊन ठेवावयाचे आणि मग सवडीने निघावयाचे. २०२५ च्या एप्रिलात आम्ही उभयता कन्येच्या बाळंतपणासाठी बेळगावहून न्यूझीलंडमधील ऑकलंडला निघालो, तेव्हा पंचांगाचे हे काम आता संगणकाकडे गेल्याचे आमच्या प्रत्ययास आले. मात्र पंचांग सवलत देत असे. संगणक ती देत नाही.

सरकारी नोकराला परदेशी जाण्यास खात्याची पूर्वपरवानगी लागते. ती रीतसर कागदावर मिळाली. व्हिसाचा अर्ज मात्र ऑनलाइन भरला. खात्याचे पत्र कन्नडात, घराचा जुना दस्त मराठीत आणि अर्ज इंग्रजीत! सीमाभागात हयात गेल्याने तीन भाषांत वावरण्याचा आम्हांस सराव आहे, भाषांतरेही झाली. परंतु फाईल चढवू लागताच यंत्र म्हणे, 'स्वीकारता येत नाही.' का, ते विचारावे तर समोर माणूस नाही. अखेर आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून फाईलचा आकार लहान करून दिला, आणि गुरुजींकडून पैसे घेण्याचे नाकारले.

व्हिसा ई-मेलने आला. पारपत्रावर शिक्का नाही, हे पाहून सौ.चे समाधान होईना. तिने त्याच्या दोन प्रती छापवून घेतल्या आणि शंभर पानी वहीत विमानांचे क्रमांक, कन्येचा पत्ता व जावयांचा फोन नंबर इंग्रजीत लिहून ठेवला.

न्यूझीलंडला जाणाऱ्याने प्रवासी घोषणापत्र द्यावे लागते. २०२३ पासून ते ऑनलाइन भरता येते. शुल्क नाही, पण प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या २४ तासांतच ते दाखल होते. हाच नवा मुहूर्त! विमान बंगळूरहून रात्री सुटणार आणि बेळगाव ते बंगळूर अंतर सुमारे ५०० किलोमीटर. म्हणून आम्ही आदल्या रात्रीची बस धरलेली. मुहूर्त उघडला तेव्हा धारवाड मागे पडून बस हुबळीकडे धावत होती. दोनदा अर्ज शेवटच्या पानापर्यंत आणला आणि दोन्ही वेळा सिग्नल गेला. दावणगेरे आले तेव्हा कुठे पोच मिळाली. सौ.ने सुंठपूड, डिंक, बाळंतशोपा, अळीव असे सर्व जिन्नस त्यात प्रामाणिकपणे लिहविले. खाद्यपदार्थ दडविल्यास तेथे ४०० डॉलर दंड होतो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या आणि सुमारे दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांना अडवू पाहणारा समाज होता. त्याच्यासमोर उभे राहून बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपली बाजू मांडली. यंत्रापुढे कोणते भाषण करावे?

देवनहळ्ळीजवळच्या बंगळूर विमानतळाचे दुसरे टर्मिनल बांबूच्या छताचे आणि हिरव्या वेलींचे आहे, मन निवते. पण खरी परीक्षा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर झाली. तेथील वायफायवर जावयांचा निरोप दिसला: 'कळा सुरू झाल्या, इस्पितळात निघालो.' सोबत इस्पितळाचा पत्ता होता. पुढे संपर्क राहावा म्हणून परदेशी डेटा विकत घेऊ लागलो, तर बँकेने सांकेतिक अंक मागितला. ऑनलाइन कार्ड-व्यवहारास असा दुसरा पुरावा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला. फसवणूक टाळण्यासाठी ते योग्यच. पण तो अंक येणार एसएमएसने, आणि रोमिंगसाठी दोन दिवस आधी केलेली आमची विनंती मोबाइल कंपनीकडे अजून 'प्रक्रियेत' होती. वायफाय कितीही चांगले असले, तरी मुक्या सिमवर एसएमएस उतरत नाही. सौ.ने शांतपणे वही उघडली आणि इस्पितळाचा पत्ता उतरवून घेतला.

पुढचे दहा तास आमच्या आयुष्यातील सर्वांत लांब तास होते. ऑकलंडला अधिकाऱ्याने जिन्नस तपासले. अख्खे अळीव ठेवून घेतले, सुंठपूड परत दिली. बाहेर रोख डॉलर देऊन सिम घेतले, टॅक्सीवाल्यास वहीचे पान दाखविले. इस्पितळात पोहोचलो तेव्हा नात पाच तासांची झाली होती आणि कन्या सुखरूप होती.

यंत्रावर आमचा राग नाही. त्याच फोनवर त्या दिवशी बेळगावच्या आमच्या मातोश्रींनी पणतीचे मुख पाहिले. मात्र वाचकांपैकी जे वृद्ध आईवडिलांना एकटे परदेशी धाडतात, त्यांना सांगणे एवढेच: रोमिंग निघण्यापूर्वी घरीच सुरू झाल्याची खात्री करा, थोडे परकी चलन रोख द्या, आणि त्यांच्या हाती एक वही अवश्य द्या. वहीला सिग्नल लागत नाही.