हरसूलच्या वाटेवरील एक दाता

हरसूल म्हणतांच पुष्कळांस छत्रपति संभाजीनगरचें कारागृह आठवतें. परंतु तें हरसूल निराळें. हें नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील, डोंगरांच्या कुशींत वसलेलें बाजाराचें गांव. त्र्यंबकेश्वरावरून येथें येतां येतें. मला मात्र गिरणाऱ्याची वाट अधिक प्रिय आहे. टोमॅटोचा बाजार मागें टाकला, कीं द्राक्षांचे मळे विरळ होत जातात आणि धोंडेगांवापुढें वाघेऱ्याचा घाट लागतो. घाटाअलीकडे पडलेला पाऊस गोदावरीबरोबर पूर्व समुद्रास जातो, पलीकडचा दमणगंगेस मिळून दमणजवळ पश्चिम समुद्रास. शेतांचें रूपहि येथूनच पालटतें. उतारावर नागली व वरई, खाचरांत भात. वस्ती कोकणा, महादेव कोळी व वारली या लोकांची. आषाढांत येथें पाऊस डोळे उघडूं देत नाहीं, आणि वैशाखांत बायकांस हंडाभर पाण्यासाठीं कोस कोस चालावें लागतें.

माझी पुतणी या भागांतील एका आश्रमशाळेंत शिक्षिका आहे. तिच्या सासूबाईंस आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिससाठीं नाशिकास न्यावें लागतें. एस्. टी. आहे, पण उपचार घेऊन गळून गेलेल्या वृद्धेस थांब्यावर तिष्ठत कसें बसवावें? म्हणून जावईबापूंनीं तीन वर्षांपूर्वीं एक जुनी डिझेलची मोटार घेतली. तिचें कूळ सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत याच गाडींतून आम्ही हरसूलास चाललों असतां घाटांत तिचा दम सुटूं लागला. मागून पांढरा धूर निघे, समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागलेला. कशीबशी ती गांवांत पोंचली; चहा घेऊन येतों तों सुरूच होईना. बाजाराचा दिवस होता, तेव्हां सल्लागारांस तोटा नव्हता. एका जीपवाल्यानें तर चारी इंजेक्टर बदलण्याचा निकालच देऊन टाकला.

नाक्यावरचा कारीगर पंचविशीचा कोकणा तरुण. सातपूरच्या गॅरेजांत कांहीं वर्षें हात काळे करून गांवीं परतलेला. तो कोणाचें ऐकेना. "एक इंजेक्टर गेला असता तर गाडी लंगडली असती, असा सगळा दम गेला नसता. आतां सेल्फ मारूं नका, काका. आधीं हातानं फिरवून बघूं."

त्याचें हें म्हणणें किती शहाणपणाचें होतें तें समजण्यास यंत्राची थोडी ओळख हवी. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा दाबून इतकी तापवितो, कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेटतें. यासाठीं झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, नेमक्या वेळीं मिटल्या पाहिजेत. पिस्टन क्रँकवर चालतात, झडपा कॅमवर. आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी असा दोघांचा करार. हा करार कांहीं गाड्यांत सांखळी पाळते, कांहींत दातेरी रबरी पट्टा. कॅमच्या चक्रास ४० दाते असतील, तर पट्टा एक दाता सरकतांच कॅम ९ अंश चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबानें १८ अंश. झडप उशिरां मिटते, दाब घटतो, तेल अर्धवट जळून धूर होतो. याहून अधिक सरकला, तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवरच आदळतो.

त्यानें वरचें झांकण काढलें. पट्ट्याची कड उसवलेली, ताण देणारी पुली हलत होती. पान्यानें क्रँक हळूहळू फिरवून त्यानें पहिला पिस्टन माथ्यावर आणला. खालची खूण बरोबर जुळली, कॅमची मात्र एक दाता मागें. पट्टा पूर्वीं कधीं बदलला याची नोंद गाडीच्या कागदांत कोठेंच नव्हती.

"एक दाता पुढें घेऊन आज चालूं करून देतां येईल," तो म्हणाला, "पण ह्या पट्ट्यावर आजींना घाट नका चढवूं." आपलें काम त्यानें असें स्वतःहून सोडलें. मजुरी अवघी ३०० रुपये घेतली. गाडी टेम्पोवर चढवून नाशिकास धाडली.

शहरांतील गॅरेजानें पाहण्यापूर्वींच ७८,००० रुपयांचा अंदाज लिहिला: हेड उघडणें आणि चारी इंजेक्टर. ज्या गाडीस बाजारांत दीड लाख मिळतील कीं नाहीं याची शंका, तिच्यावर इतका खर्च? जावईबापूंनीं हरसूलच्या मुलाचा क्रमच धरला. आधीं पट्टा, पुली व पाण्याचा पंप. मग दाबाची परीक्षा. इंजेक्टर यंत्रावर तपासल्याविना बदलावयाचे नाहींत. १४,००० रुपये लागले. दाब पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या सिलिंडरांत २६ च्या आसपास, तिसऱ्यांत १९. त्यांत हवा भरली तेव्हां सुस्कारा धुराच्या नळींतून ऐकूं आला. बाहेर सोडणारी झडप वांकली होती. हेड उघडणें आतां अटळ, त्याचे आणखी २७,०००.

त्या रात्रीं स्वयंपाकघरांत बराच खल झाला. मी गाडी विकण्याच्या मताचा होतों. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायीं पैसे घालूं नका रे." पुतणीनें भाकरी थापतां थापतां विचारलें, "काका, ही विकून जी घेऊं, तिचा पट्टा कोणीं कधीं बदलला हें कोण सांगणार? हिच्या पोटांत काय आहे तें आतां आपल्याला ठाऊक तरी आहे." छपराच्या पत्र्यांसाठीं ठेवलेली रक्कम खर्ची पडली. पत्रे पुढच्या वर्षावर गेले.

तिसऱ्या सिलिंडरांत दोन झडपा वांकलेल्या निघाल्या; इंजेक्टर चारीहि निर्दोष ठरले. बॉनेटच्या आंतल्या बाजूस पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटर पुतणीच्या अक्षरांत लिहून चिकटविले आहेत. जुना पट्टा हरसूलच्या कारीगरानें मागून घेतला. तो त्याच्या दुकानांत खिळ्यास टांगलेला असतो, आणि सासूबाईंची गाडी पहांटे नाक्यावरून जाते तेव्हां तो दार उघडत असला तर हात वर करतो.