परळची खतावणी व घरची वही

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी पाहिजे, अशी वाचकांची समजूत असते. आमचा प्रवास मात्र चर्नी रोडहून लोअर परळपर्यंतचा. मध्यें तीन स्टेशनें काय तीं लागतात. पाहावयास गेलों तें देऊळ नव्हे कीं किल्ला नव्हे. तरीहि तेथून आम्ही जें घेऊन आलों तें प्रत्येक एकत्र कुटुंबाच्या उपयोगी पडेल, अशा खात्रीनें हें लिहीत आहों.

प्रवासास निमित्त झालें तें एका वहीचें. आमच्या तीर्थरूपांनीं कुळाची वंशावळ एका जाड वहींत उतरून ठेविली होती. आरंभींचीं पानें त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीवरून घेतलेलीं; पुढें त्यांच्या स्वतःच्या हयातींतले जन्म, मुंजी, विवाह आणि मृत्यु. या पुढील भागाचें वैशिष्ट्य असें कीं, घरांत आलेल्या प्रत्येक सुनेचें माहेर व माहेरचें नांव त्यांनीं लिहून ठेविलें होतें. नामावळींत तें सहसा सांपडत नाहीं. ही वही हिंदमात्याजवळ आमच्या वडील बंधूंच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडांत पेटींत असे. 29 ऑगस्ट 2017 रोजीं मुंबईंत जो पाऊस कोसळला त्यांत परळ भाग पाण्याखालीं गेला, तशी ती पेटीहि गेली. दुसऱ्या दिवशीं वही उघडली तों शाई वाहून गेलेली, पानांचा लगदा झालेला!

बंधूंचे चिरंजीव म्हणाले, “काका, घाबरूं नका. मीं सगळ्या वहीचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत.” आमचा जीव भांड्यांत पडला. परंतु तो सांठा उघडून पाहतां पहिलीं सेहेचाळीस पानें तेवढीं उमटलेलीं. पुढें कांहीं नाहीं. उतरवून घेण्याचें काम मध्येंच थांबलें होतें आणि पुरें झालें कीं नाहीं हें कोणींच पाहिलें नव्हतें. नामावळीचा भाग वांचला, तीर्थरूपांचा स्वतःचा गेला. पुतण्याचा धंदाच मोठमोठे माहितीसांठे राखण्याचा. त्यामुळें त्यास फार लागलें. पुढें कित्येक वर्षें तो हा विषय काढीत नसे. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आपण होऊन म्हणाला, “काका, एकदां चला. हीं कामें खरीं कशीं करतात तें तुम्हांला सांगतों.”

लोअर परळला उतरून ना. म. जोशी मार्गानें चालूं लागलों. जुनीं माणसें यास अजून डिलाईल रोडच म्हणतात. एके काळीं गिरण्यांच्या भोंग्यावर हा सारा भाग उठे व निजे. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधीं मिटलाच नाहीं. आज त्या आवारांत कांचेच्या इमारती उभ्या आहेत. मफतलाल गिरणीच्या जुन्या आवारांतील अशाच एका उंच इमारतीसमोर पुतण्या थांबला. सेंट्रल डिपॉझिटरी या संस्थेची कचेरी येथें आहे. पूर्वीं शेअर म्हणजे छापील कागद असे. तो फाटे, हरवे, टपालांत गहाळ होई, प्रसंगीं बनावटहि निघे. 1996 सालीं कायदा होऊन कागदाऐवजीं नुसती नोंद ठेवण्याची सोय झाली. त्याच वर्षीं नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी निघाली व 1999 मध्यें ही दुसरी. नोव्हेंबर 2023 मध्यें हिच्याकडील खात्यांनीं दहा कोटींचा आंकडा ओलांडला. आंत जाण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आणि सर्व यंत्रें याच इमारतींत असतात असेंहि नव्हे. समोरच्या फुटपाथवर चहा घेत पुतण्यानें अशा सांठ्यांची राखण कशी होते तें समजावून सांगितलें.

“काका, दुकानदार आधीं काय लिहितो?” “कीर्द.” “मग?” “कीर्दीवरून खतावणी.” “तेंच येथें!” तो म्हणाला. प्रत्येक व्यवहार घडतांच प्रथम रोजकीर्दींत टिपला जातो. मग तो खात्यांत चढतो. खतावणी इतकी अफाट असते कीं, तिची समग्र नक्कल रोज करूं म्हटलें तर एक नक्कल पुरी होण्यापूर्वींच दुसरीची वेळ यावयाची. म्हणून समग्र नक्कल ठराविक मुदतीनें घेतात, मधल्या दिवसांत बदललें तेवढेंच उतरतात आणि कीर्द मात्र अखंड सांभाळतात. उद्यां खतावणी जळाली, तर शेवटची चांगली नक्कल मांडून तिच्यावर पुढची कीर्द ओळीनें चढवावी; अगदीं अपघाताच्या क्षणापर्यंतचा हिशेब उभा राहतो. शिवाय पेशवे दफ्तराचे रुमाल बांधावे तशीं जुन्या सालांचीं खातीं वेगळीं बांधतात. त्यांत आतां फरक पडावयाचा नसतो. तेव्हां त्यांची नक्कल एकदां नीट पारखून ठेविली कीं रोजचें ओझें हलकें होतें.

“पण दुसरी प्रत त्याच पेटींत असली तर?” आमच्या तोंडून निघून गेलें. पुतण्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणूनच सेबीनें नियम घातला आहे.” शेअरबाजार व डिपॉझिटरी यांचें दुसरें ठिकाण शक्यतों निराळ्या भूकंपक्षेत्रांत असावें, तें न जमल्यास निदान 500 किलोमीटर दूर असावें, असा तो नियम आहे. जवळहि एक जागा राखतात, ती क्षणाक्षणाची नोंद हरवूं नये म्हणून. पण क्षणाक्षणास जुळणाऱ्या प्रतीवर विसंबून भागत नाहीं. मूळ ठिकाणीं चुकीची नोंद झाली तर तिच्यांतहि ती तत्काळ उतरते. मूळ पुसलें तर तेथेंहि पुसलें जातें. यास्तव कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा मागच्या तिथींच्या प्रतीहि मुळापासून अलग ठेवाव्या लागतात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट परीक्षेची. 2 मार्च 2024 रोजीं, शनिवार असूनहि, मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांनीं मुद्दाम बाजार भरविला. पहिलें सत्र मुख्य ठिकाणाहून व दुसरें दूरच्या ठिकाणाहून चालविलें. संकट नसतांना संकटाची तालीम! आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें. “पाठ झालें, गुरुजी” असें म्हणणाऱ्या मुलास आम्ही नेहमीं उभें करून म्हणावयास लावीत असूं. त्याच्या शब्दावर कधीं विश्वास ठेविला नाहीं. मग घरच्या वहीच्या वेळींच ही अक्कल कोठें गेली होती?

हें ऐकतां ऐकतां आम्हांस वेदपाठाची आठवण झाली. ऋषींच्या वंशजांनीं लेखणीवांचून एवढें वाङ्मय राखलें तें नुसत्या घोकंपट्टीनें नव्हे. पदपाठांत प्रत्येक पद सुटें. क्रमांत एक-दोन, दोन-तीन अशी सांखळी. जटेंत एक-दोन, दोन-एक, एक-दोन. आणि घनांत एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एकच पद सुलट-उलट इतक्या वेळां येतें कीं एक स्वर ढळला तरी पुढच्या फेऱ्यांत तो उघडा पडतो. पुन्हां हेंच पठण निरनिराळ्या प्रांतांतील निरनिराळ्या घराण्यांत; एका गांवीं चूक रुजली तर दुसऱ्या गांवचा वैदिक ती दाखवून देई. अनेक प्रती, दूर दूर ठिकाणें, आणि नित्य म्हणून पाहणें: साधनें बदललीं, तत्त्व तेंच राहिलें.

परततांना दादरला उतरून आत्याबाईंकडे गेलों. त्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत. पुतण्यानें कागद पुढें ओढला व विचारलें, “आजी, आपल्या घरांत आलेल्या सुनांचीं माहेरचीं नांवें तुम्हांला आठवतात का?” त्यांनीं डोळे मिटले. तास-दीड तासांत अकरा नांवें सांगितलीं. प्रत्येकीचें गांव, कोणाच्या लग्नांत काय घोटाळा झाला, तेंहि सांगितलें. बाकीचीं आठवेनात. ज्या बायांनीं या घराचे संसार केले, त्यांतल्या कित्येकींचीं मूळ नांवें कायमचीं बुडालीं; पाण्यानें बुडविलीं असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं, आमच्या आळसानें बुडविलीं.

आतां नवी वही तयार झाली आहे. एक प्रत गिरगांवांत, एक दादरला, एक पुण्यास थोरल्या पुतणीकडे. पुतण्याच्या यंत्रांत आहे ती निराळीच. दरवर्षीं गणपतींत सारें कुटुंब जमतें, त्या दिवशीं आरतीनंतर तिन्ही प्रती एकत्र उघडावयाच्या, आळीपाळीनें मोठ्यानें वाचावयाच्या आणि ताडून पाहावयाच्या, असा नियम केला आहे. वाचकांच्या घरींहि अशी एखादी वही असेल. ती आजच काढावी, उतरावी. आणि उतरलेली प्रत एकदां तरी उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहावी, एवढीच विनंति.