सिग्नल ११

कारखान्यात डेटाबेस बंद पडला की पहिला फोन क्वालिटीवाल्यांचा येतो, आयटीवाल्यांचा नंतर. रांजणगाव एमआयडीसीत बाहेरून येणाऱ्याला फियाट, एलजी, व्हर्लपूलच्या पाट्या दिसतात. माझं काम त्या पाट्यांपासून लांब, कारेगावच्या बाजूच्या गल्ल्यांत, सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांमध्ये चालतं. तिथल्या मशीनमधून येणारे आकडे पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये नीट पडतात की नाही, हे मी बघतो. त्यातल्याच एका कारखान्याची ही हकिकत.

तिथे नट आवळणारी मशीन आहेत. नट आवळला जात असताना टॉर्क कसा चढत गेला, त्याची आकड्यांची रांग मशीन पाठवतं. एका नटाची एक रांग, साधारण शे-दोनशे आकड्यांची. तक्रार अशी होती की मधूनच सगळ्या स्क्रीन एकाच वेळी कनेक्शन सोडतात आणि अर्ध्या मिनिटात आपोआप परत येतात. आधी नेटवर्कला दोष दिला गेला, स्विच बदलून झाला. मग यूपीएसवर संशय गेला. आमच्याकडे विजेवर संशय घ्यायला फारसं कारण लागत नाही. लाइनवरचा एक ऑपरेटर मात्र पहिल्यापासून एकच सांगत होता, “साहेब, नट अडकला की कॉम्प्युटर जातो.” त्यावर सगळे हसत.

सर्व्हरचा लॉग उघडल्यावर नेटवर्क आणि वीज दोन्ही संशयातून सुटली. लॉगमध्ये तीन गोष्टी एकाखाली एक होत्या. अमुक क्रमांकाची प्रोसेस सिग्नल ११ ने मेली, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. मरताना ती कोणती क्वेरी चालवत होती. आणि बाकीच्या सगळ्या चालू प्रोसेस आता बंद करतोय. लोक पहिली आणि तिसरी ओळ वाचून घाबरतात आणि मधली सोडून देतात. खरा पत्ता मधल्या ओळीत असतो.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस मिळते, पण सगळ्या प्रोसेस मेमरीचा एक मोठा तुकडा सामाईक वापरतात. एखादी प्रोसेस भलत्याच जागी हात घालून मेली, तर मरण्याआधी तिने सामाईक मेमरीत काय खरडून ठेवलं याचा भरवसा नसतो. म्हणून वरची देखरेख करणारी प्रोसेस, पोस्टमास्टर, सगळ्यांना घरी पाठवते, सामाईक मेमरी नव्याने उभी करते आणि नोंदवहीवरून, म्हणजे वॉलवरून, डेटा पूर्ववत करते. एका क्वेरीच्या चुकीसाठी पूर्ण लाइनला शिक्षा, असं क्वालिटीच्या साहेबांना वाटलं. मला हा अतिरेक वाटत नाही. खराब झालेली मेमरी डिस्कवर उतरली असती, तर निस्तरायला अर्धा मिनिट पुरलं नसतं.

मधल्या ओळीतल्या क्वेरीत एक फंक्शन होतं, रांगेची सरासरी काढणारं. ते पोस्टग्रेसचं नव्हतं. पूर्वी कुणा कंत्राटदाराने सी भाषेत लिहून दिलेल्या एक्स्टेन्शनमधलं होतं. अशी भर घालता येणं हा पोस्टग्रेसचा पाया आहे. मायकल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीत हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हाच वापरणाऱ्याला स्वतःचे डेटा टाइप आणि स्वतःची फंक्शनं जोडता यावीत हे उद्दिष्ट होतं. पुढे २०११ मध्ये ९.१ आवृत्तीत एक्स्टेन्शन एका आज्ञेत बसवायची सोय आली. नकाशांसाठी जगभर वापरलं जाणारं पोस्टजीआयएस ही अशीच एक भर.

फरक आहे तो तपासणीत. गाभ्यात जाणारा बदल अनेकांच्या नजरेखालून जातो. ११ व्या आवृत्तीच्या (२०१८) रिलीज नोट्समध्ये पार्टिशनवाइज जॉइनपुढे आशुतोष बापट हे नाव छापलेलं आहे. असा एक बदल आत जायला किती चर्चा आणि किती फेरफार होतात, ते या क्षेत्रातल्या माणसाला माहीत असतं. गल्लीतल्या कारखान्याचं एक्स्टेन्शन मात्र लिहिणाऱ्याखेरीज कुणी वाचलेलंही नसतं. आणि चालतं ते गाभ्याच्याच मेमरीत, त्याच अधिकाराने. म्हणूनच सी भाषेतलं फंक्शन जोडायची मुभा फक्त सुपरयूझरला असते.

आता नेमकं बिघडलं काय ते सांगतो. एसक्यूएलच्या पातळीवर पोस्टग्रेस टाइपच्या बाबतीत कडक आहे. पूर्णांकाच्या रकान्यात ‘४२’ असं देवनागरीत लिहून बघा, सरळ नाकारतो. पण सी भाषेतल्या फंक्शनच्या हातात जे पडतं त्याला ‘डेटम’ म्हणतात. ६४ बिटच्या मशीनवर ते आठ बाइट असतात, बस. त्यात आकडा आहे की आकड्याचा मेमरीतला पत्ता, हे त्या आठ बाइटवर लिहिलेलं नसतं. गेटवर चलन तपासून आत घेतलेला माल लाइनवर बिनलेबलचा यावा, तशातली गत. फंक्शन एसक्यूएलमध्ये जाहीर करताना कोणता टाइप सांगितला आणि सी मध्ये काय गृहीत धरलं, यांचा मेळ घालणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी. ती डेटाबेस घेत नाही, घेऊ शकत नाही.

या कंत्राटदाराने फंक्शन ‘एनीॲरे’ म्हणून जाहीर केलं होतं, म्हणजे कोणत्याही टाइपची रांग चालेल. आत मात्र रांग आठ बाइटच्या दशांश आकड्यांचीच आहे असं धरून पॉइंटर थेट पुढे सरकवला होता. जुनी मशीन दशांशच पाठवत होती, त्यामुळे बरीच वर्षं निभावलं. मग नवं मशीन आलं. ते पूर्णांक पाठवायचं, चार-चार बाइटचे.

टेस्ट सर्व्हरवर लाखभर पूर्णांकांची रांग बनवून त्या फंक्शनला दिली. सर्व्हर लगेच बसला. मेलेल्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत, म्हणजे कोअर फाइल, डीबगरमध्ये उघडून रांगेतल्या घटकाच्या टाइपचा क्रमांक छापला: २३. पोस्टग्रेसच्या यादीत २३ म्हणजे चार बाइटचा पूर्णांक. फंक्शन धरून चाललं होतं ७०१, आठ बाइटचा दशांश. घटकांची संख्या बरोबर, पाऊल दुप्पट. म्हणजे निम्मी वाट चालून होते तोच रांग संपलेली आणि पुढची निम्मी वाट परक्या मेमरीतून.

शे-दोनशे आकड्यांच्या रांगेत ही परकी मेमरीसुद्धा त्याच प्रोसेसच्या ताब्यातली निघते, त्यामुळे काही फुटत नाही. पण नट अडकला की मशीन आवळतच राहतं, नोंदत राहतं, रांग हजारो आकड्यांची होते. मोठ्या रांगेला मेमरीचा वेगळा तुकडा मिळतो आणि त्याच्या पलीकडे काही नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेस जागीच मारते. ऑपरेटरचं निरीक्षण तंतोतंत खरं होतं. त्याला मी तसं सांगितलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

दुरुस्ती मोठी नव्हती. रांगेतल्या घटकाचा टाइप आधी विचारायचा आणि ७०१ नसेल तर टाइप जुळत नसल्याची एरर द्यायची. एररने फक्त ती एक क्वेरी रद्द होते, बाकीची लाइन चालू राहते. रांगेत नल, म्हणजे न भरलेलं मूल्य, आहे का, हेही बघायचं, कारण नलची गणती होते पण त्याला डेटात जागा नसते; म्हणजे पुन्हा तेच, रांगेबाहेर पाऊल. रिकाम्या रांगेला शून्याने भागायचं नाही. पॉइंटर हाताने सरकवण्याऐवजी पोस्टग्रेसचंच रांग सोडवणारं फंक्शन वापरायचं. आणि जाहीरनाम्यात ‘एनीॲरे’ ऐवजी दशांशांची रांग असं स्पष्ट लिहायचं. मग पूर्णांकांची रांग आली तर डेटाबेस स्वतःच तिचं रूपांतर करून देतो आणि मजकुराची आली तर दारातच अडवतो.

बसवण्याचा क्रम जपावा लागतो. जाहीरनामा बदलला की ते वेगळं फंक्शन होतं, आणि जुन्यावर रिपोर्टचे व्ह्यू टांगलेले असतात. म्हणून आधी फक्त सी मधली तपासणी घातलेली लायब्ररी टाकली, जाहीरनामा नंतर. चालू लायब्ररीवर नवी फाइल कॉपी करू नये. जी फाइल मेमरीत जोडलेली आहे तीच पायाखालून बदलते आणि तुम्ही स्वतःच सिग्नल ११ ओढवून घेता. जुनी काढून नवी ठेवावी. तरीही उघड्या कनेक्शनमध्ये जुनीच लायब्ररी राहते, ती कनेक्शनं बंद करून पुन्हा उघडावी लागतात. हे सगळं गुरुवारी उरकलं, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी.

ही चूक फक्त गल्लीतल्या कंत्राटदारांची असते असं समजू नये. खुद्द पोस्टग्रेसमध्ये २००७ मध्ये टाइपची नेहमीची तपासणी चुकवता येईल अशा दोन फटी सापडल्या. त्यांतून सर्व्हर पाडता येत होता आणि मेमरीही वाचता येत होती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक सापडली: टाइप न सांगितलेलं अक्षरांचं मूल्य काही ॲग्रिगेट फंक्शनांना दिलं, तर मूल्याच्या पुढचे मेमरीतले बाइटही बाहेर येत. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची १९ जुलै २०२४ ची घटना तर सगळ्यांना आठवते. प्रोग्रॅमला एकवीस मूल्यं अपेक्षित होती, मिळाली वीस; एकविसावं वाचायला तो रांगेबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

पण आमच्या कारखान्यात जास्त नुकसान झालं ते न पडलेल्या क्वेरींनी. ४२, ४३ असे दोन छोटे पूर्णांक शेजारी ठेवून एकच दशांश म्हणून वाचले, तर जो आकडा निघतो त्यात दशांश चिन्हानंतर तीनशेहून अधिक शून्यं असतात. मेमरीतले पत्ते असे वाचले तरी तीच गत. म्हणजे नव्या मशीनच्या बहुतेक नटांची सरासरी रिपोर्टमध्ये ०.०० येत होती. आणि रिपोर्ट बनवणाऱ्याने एक चाळणी लावलेली होती: सरासरी शून्य असेल तर नट मोजू नये, सेन्सर बंद असेल. नवं मशीन बसल्यापासून त्याचे बहुतेक नट कोणत्याच शिफ्टच्या रिपोर्टमध्ये नव्हते. ज्या दिवशी नट अडकून सर्व्हर बसत नसे, त्या दिवशीचा रिपोर्ट व्यवस्थित दिसायचा, वेळेवर जायचा आणि त्यावर सही व्हायची.

मूळ रांगा सुदैवाने शाबूत होत्या, बिघाड फक्त वाचण्यात होता. दुरुस्त फंक्शनने सगळे रिपोर्ट पुन्हा काढले आणि जुन्या-नव्या आकड्यांचा तक्ता क्वालिटीच्या साहेबांकडे दिला. ग्राहकाकडे आधीच गेलेल्या रिपोर्टांचं काय करायचं, यावर त्यांची आणि प्लँट हेडची बैठक दार लावून झाली. मी तेवढ्यात रिपोर्टमधली ती शून्याची चाळणी काढून टाकली.