सही एकाची, शब्द दुसऱ्याचा

राजकारण शाळेबाहेर ठेवा, असे सगळेच म्हणतात. पण 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाकडे आले. वर्गखोलीसाठी, पाण्यासाठी भांडणारा सदस्य गावाला मिळाला तो त्यामुळेच. म्हणून मुख्याध्यापकाच्या जिवाला लागलेला घोर निव्वळ राजकारणाने येतो, हे मला पटत नाही. जबाबदारी एकाकडे आणि शब्द दुसऱ्याचा चालतो, तिथे तो येतो. शाळा व्यवस्थापन समितीचेच घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. ही तरतूद मोलाची आहे. आपल्याकडे मुख्याध्यापक तिचा सचिव असतो आणि खर्चाला त्याच्यासोबत अध्यक्षाचीही सही लागते. गावात दोन पार्ट्या असल्या आणि अध्यक्षाच्या निवडीत ग्रामपंचायतीचेच वैर उतरले, की ती सही अडते. लेखापरीक्षणात उत्तर मात्र मुख्याध्यापकाने द्यायचे! त्यात दीडशेहून कमी पटाच्या प्राथमिक शाळेला बहुधा हे पदच मंजूर नसते. एखादा शिक्षक वर्ग सांभाळून प्रभारी म्हणून कारभार पाहतो. असा माणूस हळूहळू नवे काही करायचे टाळतो. कार्यक्रमाला पाहुणा म्हणून कोणाला बोलवावे इथपासून पोषण आहाराच्या मदतनिसापर्यंत प्रत्येक गोष्टीत कोण दुखावेल, हे तो आधी पाहतो. त्याची निष्ठा आटते असे नव्हे. ती कागद चोख ठेवण्यात खर्ची पडते, आणि मुलांच्या वाट्याला उरते ते थोडे.

खमका मुख्याध्यापक गाव सांभाळून घेतो, असे यावर म्हटले जाते. घेतो, आणि अशा माणसांविषयी मला आदरच आहे. पण व्यवस्था एखाद्याच्या खमकेपणावर सोडायची का? स्पष्ट नियमाने काय साधते, ते बदल्यांत पाहा. 2017 मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे नवे धोरण आले, बदल्या संगणकावर गेल्या. त्याआधी सोयीच्या गावासाठी पुढाऱ्याची शिफारस शोधावी लागे. नव्या पद्धतीविरुद्धही तक्रारी झाल्या, काही रास्तही होत्या. तरी नियम आधी जाहीर असला की ‘बदली करून टाकू’ या धमकीतली हवा निघते, एवढे त्यातून दिसले. गावाचा हक्क त्याने कमी झाला नाही. पालकांनी समितीत जाब विचारावा, खडसावून विचारावा. फक्त तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला जावा, आणि सही नाकारणाऱ्या अध्यक्षाचे कारणही त्याच पानावर असावे. तोंडी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यालाही हाच नियम हवा.