श्रेवपोर्टचा साथीदार

डलासहून पूर्वेला जाणारा इंटरस्टेट २० हा महामार्ग साधारण तीन तासांत टेक्सास ओलांडून लुईझियानात शिरतो आणि लगेच श्रेवपोर्ट लागते. रेड नदीच्या काठचे हे मध्यम आकाराचे शहर. बाहेरची मंडळी येतात ती बहुधा नदीकाठच्या कॅसिनोंसाठी. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत डलासला भाच्याकडे गेलो होतो. तिकडे घेऊन चल म्हटल्यावर तो हसलाच. “मामा, तिथं बघण्यासारखं काय आहे?”

आहे ते म्युनिसिपल ऑडिटोरियम. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ १९२९ साली बांधलेली, आर्ट डेको धाटणीची विटांची भक्कम इमारत. १९४८ पासून दर शनिवारी रात्री इथून ‘लुईझियाना हेराइड’ हा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम केडब्ल्यूकेएच रेडिओवर थेट ऐकवला जाई. केंद्र पन्नास हजार वॅटचे, त्यामुळे आवाज दूरदूरच्या राज्यांत पोचे. हँक विल्यम्स इथे गायला. ऑक्टोबर १९५४ मध्ये एकोणीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली या रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला.

इमारतीसमोर दोन पुतळे आहेत. एल्व्हिसचा कुणालाही ओळखू येतो. दुसऱ्याच्या हातात गिटार. भाच्याने एल्व्हिसशेजारी फोटो काढून घेतला आणि मग विचारले, “हे कोण?” माझी एवढी खटपट होती ती या दुसऱ्यासाठी.

जेम्स बर्टन यांचा जन्म १९३९ चा, इथून जवळच्या डबर्ली गावचा. मिसरूड फुटण्याआधीच ते हेराइडच्या वाद्यवृंदात बसू लागले. १९५७ मध्ये याच शहरातील रेडिओ स्टुडिओत डेल हॉकिन्सचे ‘सूझी क्यू’ ध्वनिमुद्रित झाले. ते गाणे ज्या धूनवर उभे आहे ती वाजवली सतरा वर्षांच्या बर्टन यांनी. ती आपणच बांधली होती, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. मात्र गाण्याचे कर्ते म्हणून तीन नावे छापली गेली: गायकाचे, एका रेकॉर्डच्या दुकानदाराचे आणि एका रेडिओ निवेदकाच्या पत्नीचे. बर्टन यांचे नाही. संगीताच्या धंद्यात हे नवीन नाही, पण म्हणून ते कमी खटकत नाही.

त्यांनी वाद्य खाली ठेवले नाही. गिटारच्या जाड तारा काढून त्यांनी बँजोच्या बारीक तारा चढवल्या. बारीक तार बोटाने ओढता येते आणि सूर सरकतो. आपल्या कानाला ती मींडच वाटते. अंगठा-तर्जनीत चपटी नखी, मधल्या बोटात दुसरी. तार छेडायची आणि लगेच दाबून टाकायची, की कोंबडीच्या कुकुकण्यासारखा तुटक आवाज निघतो. या वादनाला तिकडे ‘चिकन पिकिन’ असेच म्हणतात.

रिकी नेल्सनच्या ‘हॅलो मेरी लू’ (१९६१) मधला त्यांचा तुकडा ऐकावा. काही सेकंदांचाच आहे, पण त्यात एक सूर जास्तीचा नाही. १९६९ मध्ये एल्व्हिसने लास व्हेगासच्या कार्यक्रमांसाठी वाद्यवृंद जमवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले आणि १९७७ मध्ये एल्व्हिस जाईपर्यंत ते त्याच्या शेजारी वाजवत राहिले. त्याच काळात ग्रॅम पार्सन्स आणि एमिलू हॅरिस यांच्या तबकड्यांवर त्यांनी वाजवले. कंट्री आणि रॉक यांचा सांधा जुळला त्यात या तबकड्यांचा वाटा मोठा. पुढे बरीच वर्षे जॉन डेन्व्हर.

बेळगावकरांना पं. रामभाऊ विजापुरे आठवत असतील. गायकाने जागा घेतली की पेटी तिला जपायची, पुढे धावायची नाही. बर्टन यांचे वादन ऐकताना मला तीच शिस्त जाणवते. सुरांचा पूर पाडणारे गिटारवादक पुष्कळ निघाले. मला त्यांचा लवकर कंटाळा येतो.

२००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना सन्मानित केले, तेही साथीदारांच्या विभागात. हा विभागच मुळी आदल्या वर्षी, २००० मध्ये सुरू झाला होता. तोवर साथ करणाऱ्यांसाठी त्या दालनात वेगळी जागा नव्हती. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स त्यांचे स्वागत करायला उभा होता.

२००५ पासून बर्टन यांनी श्रेवपोर्टमध्ये गिटार महोत्सव भरवायला सुरुवात केली. त्यांच्या संस्थेमार्फत शाळांतील आणि इस्पितळांतील मुलांना गिटारी दिल्या गेल्या.