जुन्या खोक्यांतला सूर

रविवार, रात्र.
बाबांनी जुन्या बाजारातून आणलेले स्पीकर आज पुन्हा वाजले. लाकडी खोकी भक्कम होती, पण वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन गळाला. आपल्या दमट हवेत फोम असाच विरतो. कागदी कोन मात्र शाबूत होता, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून रबरी कडा आणल्या.

जुना गोंद खरवडायलाच दुपार गेली. नव्या कडा चिकटवल्या, कोन हलक्या बोटांनी दाबून पाहिला, खरखर नाही. १.५ व्होल्टचा सेल लावून दोन्ही वूफर एकाच दिशेला सरकतात, हेही तपासलं. एकाची जोडणी उलटी झाली, तर खर्ज विरून जातो. क्रॉसओव्हरमधले सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून त्याच मूल्याचे, ४.७ मायक्रोफॅरडचे, फिल्म कपॅसिटर डाख देऊन बसवले.

मग भीमसेनजी लावले. आधी तानपुरा आला, एकेक तार वेगळी. बाबांनी डोळे मिटले.

वस्तू म्हातारी होते म्हणजे सगळीच संपत नाही. झिजलेलं नेमकं काय, हे शोधायला माणसानं थोडा वेळ द्यायला हवा. उरलेलं आपल्या जागी वाट पाहत असतं.