सीट मऊ नको, मापाची हवी

गुडघा दुखला तर माणूस पारावर बसून तासभर त्याची कहाणी सांगतो. पाठ धरली तर शेजारीपाजारी चार औषधे सुचवतात. पण सायकल चालवून बसण्याच्या जागी दुखायला लागले, तर ते कोणी बोलत नाही. पुरुष हसण्यावारी नेतात आणि बायामुली मुकाट्याने सोसतात. शेवटी सायकल पडवीत उभी राहते आणि वर आपणच म्हणतो, "आता वय झालं, जमत नाही." खरे पाहता पुष्कळदा दोष वयाचा नसतो, सीटचा असतो. म्हणून हा विषय आज मुद्दाम काढतो आहे.

आमची पाचसात जणांची मंडळी माघी एकादशीला फलटणहून पंढरपूरला सायकलने जाते. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असा ज्ञानोबांच्या पालखीचाच रस्ता. अंतर शंभरावर किलोमीटर. पहाटे निघायचे, दुपारी वेळापूरला शिदोरी सोडायची आणि दिवेलागणीला चंद्रभागेच्या काठी पोचायचे. रस्ता बहुतेक सपाट, हवा थंड. पाय सहसा कुरकुर करीत नाहीत. कुरकुर सुरू होते ती सीटवर. नातेपुत्यापर्यंत गप्पा, अभंग सगळे चालते. तिथून पुढे एकेक जण पायडलवर उभा राहू लागतो, कोणी कडेने बसतो, कोणी उगाच चेन पाहायला उतरतो.

यात एक गंमत मी चारपाच वर्षे पाहत आलो. ज्याची सीट सर्वांत जाड आणि गुबगुबीत, तोच सर्वांत आधी उतरतो. आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा तर मऊ गादीवर आणखी एक जेलचे कव्हर चढवून आला होता. माळशिरसला त्याला चालताना पाहिले असते, तर तुम्हाला दया आली असती. उलट आमचे दूधवाले अण्णा. त्यांची सायकल जुनी, उभ्या हँडलची. सीट चामड्याची, खाली स्प्रिंगा, हाताला लाकडासारखी टणक. अण्णा पंढरीत उतरले ते सरळ नामदेव पायरीकडे चालू लागले. जसे काही शेतावरून घरी आले!

असे का होते? आपण जमिनीवर मांडी घालून बसलो, की बुडाखाली दोन टोकदार हाडे जाणवतात. देवाने ती बसण्यासाठीच दिली आहेत. सायकलवर शरीराचा भार त्या दोन हाडांवर पडला पाहिजे. हाडांच्या मधल्या जागेत नाजूक मांस, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. सीट फार मऊ असली की हाडे खाली रुततात, मधला भाग फुगून वर येतो आणि नको त्या जागी दाब देतो. दाबून रक्त अडले की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सीट फार अरुंद असली तर हाडे बाहेर लोंबकळतात आणि सारा भार मधोमध येतो. फार रुंद असली तर मांड्या घासतात.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. बैलाला खांदेसूज आली तर आपण जुवाला नुसत्या चिंध्या गुंडाळून थांबत नाही. जू खडबडीत आहे का, जोडी उंचीला सारखी आहे का, भार एकाच बाजूला पडतो का, हे पाहतो. बैलाच्या मानेविषयी जेवढा विचार करतो, तेवढा स्वतःच्या बैठकीविषयी करावा, एवढेच माझे म्हणणे.

अण्णांच्या सीटचे गुपितही यातच आहे. ती चामड्याची सीट आतून भरीव नसते. लोखंडी सांगाड्यावर चामडे ताणून बसवलेले असते, जशी बाज विणावी तसे. काहीशे किलोमीटर चालवल्यावर ते चामडे धन्याच्या हाडांच्या जागी किंचित दबते आणि त्याच्या मापाचे होते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाच्या कारागिराने १८६६ साली घोड्यांचे चामडी सामान बनवण्याचा धंदा काढला. पुढे त्याचा घोडा मेला, त्याने उसनी सायकल घेतली आणि तिच्या सीटने तो इतका हैराण झाला की स्वतःच सीट करायला बसला, अशी कथा सांगतात. १८८२ साली त्याने आपल्या सीटचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजवर त्या पद्धतीच्या सीटा बनत आहेत. मात्र अशा सीटला पावसात पिशवी घालावी लागते आणि चामडे सैल पडले तर पुढचा नट थोडा आवळावा लागतो. तेल मात्र चोपडू नये, चामडे लोळागोळा होते. आणि अण्णांची सीट अण्णांच्या मापाची. ती मागून घेऊन तुम्हाला सुख होईलच असे नाही.

मग आपले माप कसे काढावे? पैसा लागत नाही. डाळिंबाच्या खोक्याचा, पोटात नाळ्या असलेला पुठ्ठा घ्या. दगडी पायरीवर किंवा लाकडी पाटावर ठेवून त्यावर पातळ कपड्यानिशी बसा. टाचा उचला, थोडे पुढे वाका आणि मिनिटभर तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर बोटांनी चाचपा. दोन्ही खळग्यांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजा. बहुतेकांचे ते दहा ते चौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते. बायकांचे सरासरीने थोडे जास्त असते. पुढे वाकून चालवणाऱ्याने त्यात दोनएक सेंटिमीटर मिळवावेत, ताठ बसून चालवणाऱ्याने तीनचार. तेवढी रुंदी सीटच्या मागच्या भागात हवी. माझे अंतर बारा भरले. मी ताठ बसणारा, म्हणून पंधराची सीट घेतली. आता वाखरीपर्यंत अभंग म्हणता येतात.

पण नवी सीट घेण्याआधी जुनीच नीट बसवून पाहा. आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझी पुतणी तेव्हा नववीत होती. शाळा सहा किलोमीटरवर, जाऊन येऊन रोज बारा. पावसाळा सरला आणि पोरगी शाळा चुकवू लागली. आज पोट दुखते, उद्या डोके दुखते. घरात नाही नाही त्या शंका आल्या. दादा तर म्हणाला, "एवढं लांब पाठवायचंच कशाला? दहावी बाहेरून देईल." वहिनींनी विचारले, तिने मान खाली घातली. शेवटी आजीने तिला परसात नेले.

"खरं सांग गं, रस्त्यात कोणी त्रास देतं का?"

"नाही गं आजी. सायकलवर बसवतच नाही. खूप दुखतं. कसं सांगू?"

मी पाना घेऊन सायकल पाहिली. सीटचे पुढचे टोक दोन बोटे वर उचललेले आणि सीट तिच्या उंचीला फार वर. पायडल गाठायला पोरगी दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे टाकत होती, त्यातून घासत होते. दुकानातून जशी आली तशीच ती चालवत होती. दहा मिनिटांत टोक सपाट केले, दांडा खाली घेतला. पुढे तालुक्याहून जरा रुंद, आखूड टोकाची सीट आणली. त्यानंतर पोटदुखी गेली आणि बाहेरून दहावीची भाषाही गेली. आज ती अकरावीला आहे आणि सायकलनेच जाते. एका पान्यावाचून एका मुलीची शाळा सुटत होती, हे विसरू नका.

सीट लावण्याची रीत अशी. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट फार वर असली की कंबर हलते, फार खाली असली की सारा भार बुडावर आणि गुडघ्यावर येतो. सीटवर गवंड्याची पाणसळ ठेवून ती सपाट करा. टोक वर असेल तर नाजूक भाग दबतो. खाली झुकले असेल तर माणूस घसरतो आणि हातांवर भार येतो. एका वेळी थोडाच बदल करा, जुन्या जागी खडूची खूण ठेवा आणि दोनचार दिवस चालवून मगच पुढचा बदल करा.

लांबच्या रस्त्याला आणखी काही गोष्टी पाळाव्यात. दर दहापंधरा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे, म्हणजे रक्त खेळते. जाड शिवणीची जीन पँट टाळावी. गादीची सायकल-चड्डी वापरत असाल तर ती अंगालगत घालावी, आत दुसरी चड्डी नको. मांड्या घासत असतील तर निघताना व्हॅसलीन लावावे. घामाचे कपडे उतरून अंग धुवावे. कातडी सोलली तर ती भरेपर्यंत सायकल बंद ठेवावी, आणि मधुमेह असणाऱ्याने तर लगेच दाखवावे.

बधिरपणाला मात्र कोणी हसू नये. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने पुढचे टोकच नसलेल्या सीटा देऊन पाहणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष छापून आले. टोक काढल्यावर दाब आणि बधिरपणा बराच कमी झाला होता. म्हणजे दुखणे मनाचे नव्हते, दाबाचेच होते. आपल्याकडे अशा सीटा सहज मिळत नाहीत, पण मधे खाच किंवा भोक असलेल्या मिळतात. त्यांनीही काहींना आराम पडतो. उतरल्यावर बधिरपणा लवकर गेला नाही, किंवा लघवीला त्रास झाला, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. घरातली प्रत्येक सायकल अंगणात काढा आणि जो ती चालवतो त्याला वर बसवा. मुलींना त्यांच्या आईने नाहीतर आजीने विचारावे, मुलांना बापाने. "दुखतं का?" एवढेच विचारायचे. उत्तर मिळाले तर पाना घरात आहेच.